पुंगळीतला पराक्रम

आपल्याकडे त्याला सायलेन्सर म्हणतात, अमेरिकेत मफलर. मफलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डिसेंबरच्या पहाटे फिरायला निघालेले आजोबा येतात, कानाभोवती लोकरी पट्टा गुंडाळलेले. पण कल्पना तीच. तोंडावर काहीतरी गुंडाळा आणि आवाज दाबा. म्हणजे दोन्ही देशांनी या पत्र्याच्या डब्याचं नाव ठेवतानाच त्याचं काम सांगून टाकलंय. तरी जुन्या पिकअप ट्रकला मफलर घ्यायला निघालेला माणूस दुकानात जाऊन पहिला प्रश्न काय विचारतो? "सगळ्यात मोठा आवाज कुठल्याचा?" अहो, छत्री घ्यायला जायचं आणि दुकानदाराला विचारायचं, सगळ्यात जास्त गळणारी कुठली आहे!

मला या वेडाचा आता मनापासून कंटाळा आलाय. म्हणून आज जरा भांडायचं ठरवलंय.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी (आणि आत्यासाठी, जी फोनवर दर वेळी "अरे, तो तुझा टेम्पो अजून विकला नाहीस का?" असं विचारते): माझ्याकडे १९७२ सालची शेव्हरोले सी-१० आहे. पुढे तीन माणसं बसतील अशी सलग बाकासारखी सीट, मागे उघडा हौदा, आणि बॉनेटखाली ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. इंजिनाच्या आठ सिलिंडरांच्या दोन रांगा असतात, चार डावीकडे, चार उजवीकडे. दोन्ही रांगांचा धूर एकाच नळीत आणून एकाच मफलरमधून सोडला तर तो सिंगल एक्झॉस्ट. प्रत्येक रांगेला स्वतःची नळी, स्वतःचा मफलर आणि मागे स्वतःचं तोंड दिलं की झाला ड्युअल एक्झॉस्ट. म्हणजे मफलर दोन घ्यायचे, आणि चूक झाली तर तीही दोनदा ऐकायची.

हे दोन मफलर निवडताना मला जितके सल्ले मिळाले तितके लग्न ठरवतानाही मिळाले नव्हते. बहुतेकांचा सूर एकच: "क्लासिक ट्रक आहे, गरजला पाहिजे!" या एका वाक्यात किती चुकीच्या समजुती दडल्यात ते एकेक करून पाहू.

पहिली समजूत: मोठा आवाज म्हणजे जास्त ताकद.

आवाजाच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा इंजिनाच्या ताकदीच्या हिशेबात धरण्याइतकीसुद्धा नसते. गल्ली हादरते ती आपला कान फार संवेदनशील आहे म्हणून. चाकांकडे जाणारी ताकद त्या बाजूला वळलेली असते म्हणून नव्हे. मफलर ताकद खातो तो त्याच्यातून वायू सहज जात नसेल तर. वायू सहज जाणं आणि आवाज मोठा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब, जाड अंगाचा, आतून सरळ जाळीदार नळी असलेला मफलर वायूला जवळजवळ अडवत नाही आणि तरी शांत असतो. उलट आखूड, आडव्या-तिरप्या पत्र्यांनी भरलेला डबा वायूला अडवतोही आणि बोंबलतोही.

या समजुतीला खतपाणी घालणारी एक जुनी गंमत आहे. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' हॉर्सपॉवर छापत. म्हणजे इंजिन स्टँडवर ठेवायचं, पंखा, अल्टरनेटर, एअर फिल्टर, मफलर असलं काही न लावता पळवायचं आणि येईल तो आकडा जाहिरातीत टाकायचा. १९७२ पासून 'नेट' आकडे आले, म्हणजे गाडीत बसवल्यावर सगळी बिऱ्हाडं अंगावर असताना इंजिन काय देतं ते. शिवाय शिसंविरहित पेट्रोलच्या तयारीसाठी जनरल मोटर्सने १९७१ मध्ये कॉम्प्रेशनही उतरवलं होतं. परिणामी कागदावरचे आकडे धाडकन कोसळले, आणि लोकांनी निष्कर्ष काढला की घोडे मफलरने खाल्ले! बिचारा त्या यादीतला एक होता इतकंच. बोल मात्र सगळा त्याला लागला.

नळीच्या जाडीचंही तसंच. साध्या ठेवणीतल्या ३५० इंजिनाला सव्वादोन ते अडीच इंची दोन नळ्या भरपूर होतात. अडीच इंची दोन नळ्यांतून चारशेहून जास्त हॉर्सपॉवरचा धूर आरामात निघतो, आणि आमच्या ट्रकच्या इंजिनाने तो आकडा स्वप्नातही पाहिलेला नाही. तरी "तीन इंची टाक" म्हणणारे भेटतातच. जाड नळीत वायूचा वेग मंदावतो, कमी फेऱ्यांवरची ओढ कमी होते, आणि आवाज मात्र वाढतो. शिवाय या सी-१०ला मागच्या चाकांपाशी ट्रेलिंग आर्म म्हणजे दोन लांब लोखंडी हात असतात. त्यांच्यातून आणि ॲक्सलवरून वाट काढताना जाड नळी कुठेतरी घासणारच. मग खड्ड्यात गाडी गेली की ठण्ण!

दुसरी समजूत: इंजिनाला थोडं 'बॅकप्रेशर' लागतंच.

हे सांगणारे दुसऱ्या टोकाचे. त्यांचा सल्ला माझ्याच बाजूचा वाटेल, कारण ते शांत मफलर लावा म्हणतात. पण चुकीच्या कारणाने मिळालेला पाठिंबा मला नको. धूर बाहेर पडताना मागे अडवणारा दाब कुठल्याच इंजिनाला लागत नाही. लागतो तो वेग. व्हॉल्व्ह उघडला की वायूचा एक गोळा नळीतून सुसाट निघतो आणि त्याच्या पाठीमागे दाब कमी होतो. सिलिंडरमध्ये उरलेला धूर बाहेर खेचायला याच कमी दाबाची मदत होते. नळी फार जाड झाली की गोळा रेंगाळतो आणि ही खेच जाते. मग गाडी मरगळते आणि लोक म्हणतात, "बघ, बॅकप्रेशर गेलं!" गेलेलं असतं दुसरंच. कधीकधी तर नव्या एक्झॉस्टमुळे इंजिन मोकळा श्वास घ्यायला लागतं, कार्ब्युरेटर मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल देत राहतो, आणि मिश्रण पातळ होतं. तिथे कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा. मफलरमध्ये बोळा कोंबून काही होत नाही.

आता बाजारात मिळतं काय ते पाहू.

एक असतो ग्लासपॅक. सरळ भोकाभोकांची नळी, तिच्याभोवती काचतंतू भरलेले, वर पत्र्याचं नळकांडं. लाल रंगाचा चेरी बॉम्ब हा त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध अवतार. स्वस्त, बारीक, कुठेही बसतो. नवा असताना आवाज गोडही लागतो. पण आवाज शोषणारे ते तंतू उष्णतेने आणि धुराच्या झोताने हळूहळू जळून-झडून जातात, आणि मग दरवर्षी तुमचा ट्रक थोडाथोडा जास्त ओरडायला लागतो. रोज ऐकणाऱ्या मालकाला ते कळत नाही, शेजाऱ्यांना कळतं.

दुसरा चेंबरवाला. आत तंतू वगैरे काही नाही, नुसते तिरपे पत्रे आणि कप्पे. ध्वनिलहरी एकमेकींवर आपटून विझाव्यात अशी मांडणी. फ्लोमास्टरचा ४० सीरीज हा या घराण्यातला गाजलेला गवई. ॲक्सिलरेटर दाबला की भुंकल्यासारखा खणखणीत आवाज येतो, आणि अनेकांना तोच हवा असतो. जळून जाण्यासारखं आत काही नसल्याने वर्षानुवर्षं तसाच राहतो. मात्र खालच्या पट्टीतला घुमारा तो केबिनमध्ये भरपूर सोडतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरा 'टर्बो'. नाव ऐकून भलतंच वाटेल, पण याचा टर्बोचार्जरशी आज काही संबंध नाही. १९६२ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेर गाडी टर्बोचार्जर लावून काढली. तिचा मफलर वायूला फारसा न अडवता शांत राहतो हे हौशी मंडळींच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो आपापल्या गाड्यांना लावायला सुरुवात केली. तेव्हापासून त्या जातीच्या मफलरांना टर्बो हे नाव चिकटलं. आत धूर इंग्रजी 'एस'सारखा वळणं घेत जातो. आवाज भारदस्त, पण घरंदाज.

चौथा सरळ नळीचाच, पण लांब आणि जाड अंगाचा, भोवती काचतंतूंबरोबर स्टेनलेसची लोकर वगैरे गच्च भरलेली. ग्लासपॅकचा शिकला-सवरलेला भाऊ म्हणा.

या चारांतल्या निवडीचा खरा निकष लांबी आणि पोट हा आहे. डबा जितका मोठा तितकं आवाज शोषायला आत काही असतं. आणि पिकअपमध्ये नेमकी जागेचीच श्रीमंती आहे! १९६७ ते १९७२ च्या या शेव्हरोले ट्रकांची पेट्रोलची टाकी कुठे असते माहीत आहे? केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे. (हो, खरंच. आत्याला सांगू नका.) त्यामुळे हौद्याखाली टाकीची अडचण नाही. अगदी मागे स्टेपनी टांगलेली असते तेवढंच. स्पोर्ट्स कारवाला म्हणू शकतो, "काय करू, जागाच नाही, आखूड मफलर लावावा लागला." पिकअपवाल्याला ही सबब नाही. त्याने आखूड लावला तर तो हौसेने लावलाय.

आता घुमाऱ्याकडे वळू. माझं भांडण मुख्यतः याच्यावरून आहे.

चार स्ट्रोकच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला चार स्फोट होतात. माझ्या ट्रकाला तीनच गिअर आहेत, ओव्हरड्राइव्ह नाही. मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३ आणि चाकं २८ इंची असतील तर ताशी ६५ मैलांना, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरला, इंजिन मिनिटाला २९०० च्या आसपास फिरतं. म्हणजे सेकंदाला साधारण १९३ स्फोट. एका बाजूच्या नळीत ९७. आता पिकअपची केबिन आठवा. पत्र्याची छोटी बंद पेटी, पाठीला लागून सपाट पत्रा आणि काच, खाली पत्रा, वर पत्रा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या आसपासचा हा एकच सूर या पेटीत तासन् तास कोंडला जातो. तंबोऱ्याखाली तीन तास बसता येतं, कारण त्यात जीव असतो. इथे नुसतं दळण. अशा एका चेंबरवाल्या ट्रकमधून मी दीडशे मैल प्रवास केलाय. उतरल्यावर यजमान "कसा वाटला आवाज?" असं विचारत होते, आणि मला त्यांचे फक्त ओठ हललेले दिसत होते.

आणि लोक मफलर कसे निवडतात? फोनवर आवाजाच्या चित्रफिती ऐकून! फोनचा नखाएवढा स्पीकर शंभर-दोनशे हर्ट्झचा सूर धड काढूच शकत नाही. म्हणजे जो सूर तुमचं डोकं उठवणार आहे, नेमका तोच तुम्हाला ऐकवला जात नाही. शिवाय त्या चित्रफितीत गाडी उभी असते, माइक मागच्या नळीच्या तोंडाशी असतो, आणि मालक दोनदा ॲक्सिलरेटर दाबून खूश होतो. तुम्ही मात्र बसणार पुढे, दारं बंद करून, ताशी ६५ मैलांनी. मिसळीचा फोटो बघून तिखटाचा अंदाज घेण्यातला हा प्रकार आहे.

उपाय आहेत. मुख्य नळीला एका टोकाला बंद असलेली आडनळी जोडायची, त्या नकोशा सुराच्या तरंगलांबीच्या चतुर्थांश लांबीची. वायू गरम असल्याने ही लांबी आपल्या सुरासाठी मीटर-सव्वा मीटरच्या घरात येते. ती नेमका तोच सूर गिळते. पण आधी घुमणारा मफलर विकत घ्यायचा आणि मग त्याचा घुमारा मारायला आणखी नळ्या जोडायच्या, यापेक्षा आधीच शांत मफलर घेणं सोपं नाही का?

"म्हणजे तुला व्ही-८ चा आवाजच आवडत नाही!" हा आरोप माझ्यावर नेहमी होतो. उलट आहे हो. मला तो इतका आवडतो की तो ऐकू यावा असं वाटतं.

या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम आकडे डाव्या रांगेत, सम उजव्या. सगळं इंजिन मिळून पाहिलं तर स्फोट अगदी समान अंतरावर होतात. पण एकट्या डाव्या रांगेचा हिशेब मांडा. १ नंतर ३ येतो २७० अंशांनी, मग ५ येतो १८० अंशांनी, मग ७ लगेच ९० अंशांनी, आणि पुन्हा १ येतो १८० अंशांनी. म्हणजे एका नळीतला ठेका लंगडा आहे. लांब, मध्यम, पटकन, मध्यम. उजव्या नळीतही तसाच लंगडा, पण वेगळ्या जागी. दोन लंगडे ठेके एकमेकांत गुंफले की जी गुडगुड ऐकू येते, ती या इंजिनाची ओळख. ड्युअल एक्झॉस्टची खरी गंमत इथे आहे. दोन्ही नळ्यांना मध्ये एका आडव्या तुकड्याने जोडलं, ज्याला एच-पाइप म्हणतात, की दोन्हीकडचा दाब वाटला जातो, कर्कशपणा उतरतो आणि सूर खाली बसतो. एक्स आकाराने जोडलं तर आवाज जास्त एकसंध होतो आणि पट्टी जरा वर चढते. माझ्या मते जुन्या पिकअपला एच-पाइपच शोभतो.

ही गुंफण ऐकायला आवाज मोठा लागत नाही, स्वच्छ लागतो. गणपतीत डीजेची भिंत उभी केली की कुठलं गाणं वाजतंय हेही कळेनासं होतं, छाती तेवढी धडधडते. तसं मफलर काढलेल्या ट्रकचं आहे. सगळा नुसता धडाका, आत ठेका होता हे कोणाला कळणार? आवाज खाली आणला की ठेका वर येतो.

तिसरी समजूत: जुन्या गाड्या मुळात अशाच गरजत होत्या.

साफ खोटं. मफलर ही नंतर कोणी लादलेली बंधनं नव्हेत. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंनी इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं १८९७ मध्ये. फोर्डचं मॉडेल टी आलं १९०८ मध्ये. म्हणजे सामान्य माणसाच्या दारात मोटार येण्याच्या आधीच लोकांना कळलं होतं की याला तोंडबंद हवा. मफलरला बगल देऊन धूर थेट सोडणारी झडप, कटआउट, त्या सुरुवातीच्या काळात आली, आणि गावोगावी तिच्यावर बंदीही आली. भांडण तेवढं जुनं आहे. आणि माझ्या ट्रकच्या पिढीबद्दल बोलायचं तर १९६७ पासून शेव्हरोले याच सी-१० चं 'कस्टम स्पोर्ट ट्रक' नावाचं, गालिचा घातलेल्या केबिनचं रूप विकत होती. कामाच्या ट्रकमध्ये मोटारीचा आराम आणायची ती धडपड होती. कारखान्यातून हा ट्रक शांतच निघायचा. जो गरजतो तो क्लासिक नव्हे, तो पुढच्या कोणीतरी केलेला बदल आहे. खुशाल करा, पण इतिहासाच्या नावावर खपवू नका.

चौथी गोष्ट ही समजूत नाही, निष्काळजीपणा आहे, आणि ती जिवावर बेतू शकते. आवाज जवळून यावा, खर्च वाचावा म्हणून बरेच जण नळ्या मागच्या ॲक्सलच्या अलीकडेच कापतात आणि तोंड खाली वळवून सोडून देतात. धूर ट्रकच्या पोटाखालीच पसरतो. आणि पन्नास वर्षांच्या ट्रकच्या फरशीला गंजाची भोकं नसतील असं ज्याला वाटतं त्याने एकदा मॅट उचलून पाहावी! १९७२ च्या ट्रकला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, म्हणजे धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. त्याला वास नाही, रंग नाही. १९९२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सिॲटलच्या डॉक्टरांनी पिकअपच्या हौद्यात बसून प्रवास करताना या वायूची विषबाधा झालेल्या २० मुलांची हकीकत छापली. बहुतेक मुलं हौद्यावर बसवलेल्या बंद टपाखाली होती. मुलं वाऱ्यावर मजेत बसलीयत असं पुढच्या मोठ्यांना वाटत असणार. म्हणून नळी ॲक्सलवरून नेऊन थेट मागे किंवा मागच्या चाकामागून बाजूला, बॉडीच्या बाहेर काढा. यावर माझ्याशी वाद घालू नका. आणि हौद्यात मुलं बसवू नका, नळी कुठेही असली तरी.

आता उरला सगळ्यांचा लाडका युक्तिवाद: "माझा ट्रक, माझा पैसा, माझा आवाज."

ट्रक तुझा, पैसा तुझा, कबूल. आवाज तुझा कसा? तो तर मागच्या नळीतून बाहेर पडल्या क्षणी सगळ्यांना वाटून टाकलेला असतो, न मागता. माझ्या शेजारी एक नर्सबाई राहतात. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपतात. माझी ट्रक काढायची वेळ शनिवारी नऊची. त्यांनी कधी तक्रार केलेली नाही, कारण त्यांना तशी वेळच आलेली नाही, आणि येऊ नये असं मला वाटतं. कायद्याला लोक नावं ठेवतात. कॅलिफोर्नियात ठरावीक वजनाखालच्या गाड्यांना चाचणीत ९५ डेसिबलची मर्यादा आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये एक्झॉस्टमध्ये बेकायदा बदल करण्याचा दंड एक हजार डॉलरपर्यंत नेला. आपल्याकडे जप्त केलेल्या बुलेटच्या पुंगळ्या रांगेत मांडून पोलीस त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण कायदा येतो तो शेजारधर्म संपतो तिथे.

आणि शेजाऱ्याचं सोडा, स्वतःच्या कानांचं काय? अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेचा, नायॉशचा, हिशेब असा: ८५ डेसिबल आवाजात आठ तास, त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला फक्त एक. कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

घरातल्या मंडळींना हे मी वेगळं सांगायला नको. आमचे काका मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, शेकडो मागांच्या खडखडाटात, पाळ्यांमागून पाळ्या. त्या काळी कानात घालायला बोळा कोणी दिला नाही. आज त्यांना दोनदा हाक मारावी लागते. नातवंडं जोक सांगतात तेव्हा सगळे हसले की ते हसतात, एक क्षण उशिरा. काकांनी तो आवाज निवडला नव्हता, पोटासाठी सोसला होता. आणि इथे धडधाकट कानांची माणसं पैसे मोजून तोच आवाज विकत घेतात, वर बायका-मुलांना शेजारी बसवून फिरायला नेतात, आणि त्याला हौस म्हणतात. मला यात पराक्रम काही दिसत नाही.

नुसतं ओरडून थांबलो तर माझ्यात आणि ग्लासपॅकमध्ये फरक काय? म्हणून थोडक्यात माझं म्हणणं: साध्या ३५० च्या पिकअपला सव्वादोन किंवा अडीच इंची नळ्या घ्या. मध्ये एच-पाइप. मफलर टर्बो जातीचा किंवा लांब, जाड अंगाचा सरळ नळीचा, बसेल तेवढा मोठा. शंका असेल तर दोनांतला शांत घ्या, कारण शांत मफलर नंतर बदलून मोठा आवाज केव्हाही आणता येतो, पण शेजाऱ्यांची झोप आणि कानातल्या पेशी परत आणता येत नाहीत. नळ्या पार मागे न्या. आणि पाण्याकडे लक्ष द्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. जुना ट्रक महिन्यातून दोनदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणार असेल तर ड्युअलचे दोन्ही मफलर नीट तापतच नाहीत, कारण धूर दोघांत निम्मा-निम्मा वाटलेला. पाणी आतच साचतं आणि डबा आतून सडतो. तेव्हा मफलरच्या सर्वांत खालच्या जागी छोटं भोक आहे ना ते पाहा, जमल्यास स्टेनलेस घ्या, आणि ट्रक बाहेर काढाल तेव्हा अर्धा-पाऊण तास तरी चालवा. शांत असेल तर तेवढा वेळ चालवावासाही वाटेल.

बाकी ज्याला आपण आल्याचं अख्ख्या गावाला कळवायचंच आहे, त्याने ट्रकला बिचाऱ्याला मध्ये घेऊ नये. हौद्यात एक ताशा ठेवावा. निदान वाजवायला तरी शिकावं लागेल.